अचलपूरची गिरणी कोणी बंद पाडली?

अमरावतीजवळ एक हजार एकरांवर वस्त्रोद्योगाचे भव्य संकुल उभे करण्याची घोषणा झाली आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी वर्ध्याहून त्याची पायाभरणीही केली. शेतातल्या कापसापासून परदेशच्या बाजारापर्यंतची सारी साखळी एकत्र आणण्याचा हा संकल्प आहे. संकल्पाविषयी आमची तक्रार नाही. परंतु ज्या सरकारने ही कोनशिला बसविली, त्याच सरकारच्या मालकीची, कताई व विणाई दोन्ही करणारी फिनले गिरणी त्याच जिल्ह्यात अचलपूर येथे मार्च २०२० मध्ये थांबली, तिचे काय? टाळेबंदी उठली. दुकाने उघडली, खासगी गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या सर्व तेवीस गिरण्यांना मात्र टाळेबंदीचे निमित्त पुरले.

तोट्यातील गिरणी चालविणे हे सरकारचे काम नव्हे, असा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या नावाने केला जातो. म्हणून हा तोटा कोठून आला ते पाहणे अगत्याचे आहे.

वऱ्हाडचा कापूस वऱ्हाडात विणला जावा, ही गोष्ट सत्ताधाऱ्यांना कधीच सोयीची नव्हती. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले, त्यामागे कापसाचा लोभ होताच. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरचे माग उपाशी पडले, तेव्हा वऱ्हाडच्या रुईला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली ती गाठी मुंबई बंदरात नेण्यासाठी. अचलपूर ते मूर्तिजापूर ही अरुंद रेल्वे, लोकांची ‘शकुंतला’, एका ब्रिटिश कंपनीने बांधली तीही कापसासाठीच. (स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी या मार्गाची मालकी त्या कंपनीकडेच राहिली, हा आमच्या राज्यकर्त्यांच्या स्वदेशीचा एक मासला!) देशी गिरण्यांच्या कापडावर १८९६ पासून साडेतीन टक्के अबकारी लादली गेली. ती उठायला १९२५ साल उजाडावे लागले.

अशा परिस्थितीतही हिंगणघाट, बडनेरा, अकोला, अचलपूर येथे गिरण्या उभ्या राहिल्या. अचलपूरची ‘विदर्भ मिल’ ही त्यांतलीच. जिथे कापूस पिकतो तिथेच सूत आणि कापड निघावे, हा त्यामागील साधा विचार होता. पण मालकांनी भरभराटीच्या वर्षांत लाभांश वाटला, घसारा निधी दुसऱ्या धंद्यांत वळविला आणि यंत्रे जुनाट होऊ दिली. गिरण्यांचा सांगाडा उरला तेव्हा तो त्यांनी सरकारच्या गळ्यात घातला. १९७४ च्या कायद्याने १०३ आजारी गिरण्या राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, त्यांत विदर्भ मिलही होती. ज्याला सार्वजनिक क्षेत्राचा तोटा म्हणतात, त्याची पहिली रक्कम अशी खासगी वहीतून उतरवून घेतलेली आहे.

पुढचे पाप मात्र नोकरशाहीचे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने घटनेत ४३-अ हे कलम आले आणि उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचे धोरण ठरले. या गिरण्यांतून ते कागदावरच राहिले. कापूस केव्हा, कोणत्या भावाने खरेदी करायचा, कोणते सूत काढायचे, हे दूरच्या कार्यालयांत ठरे. राष्ट्रीयीकरणाची समाजवादी मागणी मालकाच्या खुर्चीत सचिव बसविण्यासाठी नव्हती. खेळते भांडवल वेळेवर द्यायचे नाही, आधुनिकीकरण लांबवायचे आणि मग ताळेबंदाकडे बोट दाखवायचे, या रीतीने कोणतीही गिरणी आजारी पाडता येते.

नंतर स्वेच्छानिवृत्तीचे पर्व आले. त्यातल्या ‘स्वेच्छे’विषयी न बोललेलेच बरे. महामंडळाच्या बहुसंख्य गिरण्या बंद झाल्या आणि मुंबईच्या जमिनी विक्रीस निघाल्या. २००५ मध्ये पाच गिरण्यांच्या जमिनींचे दोन हजार कोटींवर रुपये आले. त्यांपैकी एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना गेली. घेणाऱ्याने तीच जमीन २०१२ मध्ये सुमारे २,७०० कोटींना दुसऱ्या बांधकाम कंपनीला विकली. एक वार कापड न विणता सात वर्षांत जवळजवळ चौपट! विक्रीचे समर्थन एकच होते : या पैशातून उरलेल्या गिरण्यांचे पुनरुज्जीवन होईल. अचलपूरची नवी गिरणी हे त्याच धोरणाचे अपत्य. परळची फिनले गिरणी वऱ्हाडात आली, आणि ग्लासगोच्या एका व्यापारी घराण्याचे नाव अचलपूरच्या फाटकावर लागले. तरुणांना काम मिळाले. नवी यंत्रे, शेजारी कापूस, शिकलेले हात. आजार म्हणावा असे या गिरणीच्या जन्मात काहीच नव्हते.

तिलाच २०२० मध्ये थांबविण्यात आले. औद्योगिक विवाद कायद्यातील तेव्हाच्या तरतुदींनुसार शंभर कामगारांच्या कारखान्यालाही बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी लागे, कारणे द्यावी लागत आणि कामगारांचे म्हणणे ऐकावे लागे. येथे ‘बंद’ हा शब्दच टाळला गेला. गिरणी चालूही नाही, बंदही नाही. कामगाराच्या हाती अर्धे वेतन, तेही रखडत. खासगी मालकाने असे केले असते तर त्याला कामगार न्यायालयात खेचता आले असते, तेथे त्याच्याकडे अवधी मागायलाही काही कारण असावे लागले असते. येथे परवानगी देणारा आणि मागणारा एकच आहे, आणि त्याने ती मागितलीच नाही.

सरकारने गिरण्या चालवू नयेत, हे तत्त्व क्षणभर मान्य केले, तरी मग गिरण्यांच्या नावाने जमिनी विकणे हे तरी सरकारचे काम कसे? आणि नव्या संकुलात उद्योगपतींना जमीन, रस्ते, वीज, अनुदान पुरविताना हे तत्त्व कोठे जाते? जो पैसा कामगाराकडे गेला की तोटा ठरतो, तोच उद्योगपतीकडे गेला की प्रोत्साहन ठरतो.

मुंबईच्या जमिनींच्या विक्रीतून अचलपूरवर प्रत्यक्ष किती खर्च झाले, त्या यंत्रांची अवस्था काय आहे आणि कामगारांचे देणे किती थकले आहे, याचा हिशेब वस्त्रोद्योग मंत्रालयाने संसदेपुढे ठेवावा. अमरावतीच्या संकुलातील भूखंड वाटण्यापूर्वी ठेवावा.