सामान बांधताना: केबिन दोघींची, बाटली एकच

‘केबिन आम्हा दोघींची आहे, म्हणजे वाइनच्या दोन बाटल्या नेता येतील ना गं?’ पुण्याच्या मावशीचा हा प्रश्न. दोघी म्हणजे ती आणि तिची १७ वर्षांची लेक. मावशीने पन्नाशीनिमित्त सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझचं बुकिंग केलंय. आधी दोन दिवस कुंभकोणमला आजीकडे, मग तिरुचीहून विमान. तिरुची विमानतळ आमच्याकडून साधारण शंभर किलोमीटर, आणि तिथून सिंगापूरला थेट विमानं आहेत. त्यामुळे आमच्या भागात सिंगापूरला जाऊन आलेलं कुणी नाही असं घर शोधावं लागतं.

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, एकच. या सदरात व्हिसा, औषधं, लोणच्याची बरणी असं बरंच झालं, पण वाइनवर कधी लिहिलं नव्हतं. आपल्याकडे हा विषय घरातल्या मोठ्यांसमोर निघतच नाही. मग माणसं अर्धवट माहितीवर बॅग भरतात आणि बंदरावरच्या तपासणीत मुलांसमोर अवघडतात.

मावशीचं जहाज रॉयल कॅरिबियनचं. त्यांचा नियम असा की, चढायच्या दिवशी पिण्याच्या वयाच्या प्रत्येक प्रवाशाला ७५० मिलीची एक सीलबंद वाइन किंवा शॅम्पेन नेता येते, तीही हातातल्या बॅगेत. बीअर, व्हिस्की, व्होडका वगैरे नाहीच. पूर्वी तिथे केबिनमागे दोन बाटल्या असा हिशोब होता. जुने व्हिडिओ पाहून लोक अजून तोच धरून चालतात. आता मोजणी माणसांची होते, आणि तीही वय बघून. लेकीचं तिकीट पूर्ण असेल, जेवण पूर्ण असेल, पण बाटलीच्या हिशोबात ती शून्य.

सगळ्या कंपन्यांचं गणित सारखं नसतं. कार्निवलवर २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला एक बाटली, आणि ती डायनिंग रूममध्ये उघडली तर १५ डॉलर कॉर्केज. डिस्नेच्या जहाजांवर २१ वर्षांवरच्यांना वाइनच्या दोन नेता येतात. आपल्या मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलियावर बाहेरची दारू आणायला बंदीच आहे. पण अल्पवयीन मुलाच्या नावावर बाटली मोजणारी एकही कंपनी माझ्या वाचनात आली नाही.

‘पिण्याचं वय’ हीही मोठी गंमत आहे. तमिळनाडूत ते २१. आमच्या कुंभकोणमहून दीडेक तासावर कारैक्काल आहे, ते पुदुच्चेरीत मोडतं, म्हणून तिथे १८. केरळात २३. आपल्या महाराष्ट्रात बीअरला २१ आणि कडक दारूला २५. रॉयल कॅरिबियनच्या आशियातून सुटणाऱ्या जहाजावर १८, त्याच कंपनीच्या अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजावर २१. तेच जहाज फुकेतला लागलं की बंदरावर थायलंडचा कायदा, म्हणजे २०. एकोणीस वर्षांचा मुलगा जहाजावर ‘मोठा’ आणि शिडी उतरला की ‘लहान’! मावशीच्या लेकीला मात्र यातली कुठलीच पळवाट नाही. ती १७ वर्षांची आहे, म्हणजे यातल्या प्रत्येक ठिकाणी लहानच.

आता बाटली आणायची कुठून? मावशीच्या मनात नाशिकची वाइन होती. मी म्हटलं, ती पुण्यातच राहू दे. एका राज्यातली दारू दुसऱ्या राज्यात नेताना त्या त्या राज्याचे नियम लागतात, आणि तमिळनाडूत ते सैल नाहीत. इथे २००३ पासून दारूची किरकोळ विक्री सरकारी टास्मॅकच करतं. कारैक्कालची स्वस्त बाटली गाडीत घालून आणणाऱ्यांना चेकपोस्टवर पोलीस उतरवतात, हे इथल्या पेपरात नेहमीचं. शिवाय आमच्या फ्रिजमध्ये इडलीच्या पिठाशेजारी वाइनची बाटली आजीला दिसली, तर क्रूझ तिथेच रद्द!

त्यापेक्षा सोपा रस्ता म्हणजे सिंगापूरला उतरल्यावर चांगी विमानतळाच्या ड्यूटी-फ्री दुकानातून घेणं. तिथे सवलत १८ वर्षांवरच्या प्रवाशालाच मिळते, तीही तो निदान ४८ तास सिंगापूरबाहेर राहिलेला असेल आणि मलेशियाहून आलेला नसेल तर. म्हणजे कस्टम्सही लेकीला मोजत नाही. पावती आणि सील तसंच ठेवायचं. कुणाला बाटली विमानातून न्यायचीच असेल तर ती चेक-इनच्या बॅगेत टाकावी लागते, कारण विमानात हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वरचं द्रव चालत नाही. आणि बंदरावर पोचलं की तीच बाटली हातातल्या बॅगेत काढायची, कारण जहाजाचा नियम उलटा. टॅक्सीतून उतरण्याआधी हे केलं नाही तर मोठी बॅग हमालाच्या गाडीवरून पुढे निघून जाते.

काही जण सुचवतात, ‘पाण्याच्या बाटलीत भरून मुलीच्या सॅकमध्ये टाका, मुलांची बॅग कोण बघतं?’ बघतात. सगळ्या बॅगा मशीनखालून जातात, आणि पाण्याच्या, सोड्याच्या बाटल्यांत दारू सापडली तर ती ओतून टाकतात. दारू लपवून आणणाऱ्याला किंवा अल्पवयीनाला दारू देणाऱ्याला चढू न देण्याचा, चढला असेल तर पुढच्या बंदरावर त्याच्याच खर्चाने उतरवण्याचा हक्क कंपनी राखून ठेवते. आणि ज्या मुलीच्या बॅगेत आपण ती ठेवली, तिला आपण त्या क्षणी काय शिकवलं? मला तर दंडापेक्षा हेच महाग वाटतं.

आता जे मावशीला लिहायला जरा जड गेलं. केबिनमध्ये मोठी माणसं दोन असतात, तेव्हा एकाने चार घोट जास्त घेतले तर दुसरा भानावर असतो. इथे मोठी एकटी मावशीच. रात्री लेकीला उलट्या सुरू झाल्या, ती डेकवरून वेळेत परतली नाही, किंवा धोक्याची घंटा वाजली, तर लाइफ जॅकेट घालून तिला जमायच्या जागी नेणारी तीच. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया कलंडलं, ते रात्रीच्या जेवणाच्या वेळेला. ३२ माणसं गेली. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून प्रवाशांची आपत्कालीन कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. ती कवायत लेकीसोबत नीट करायची आणि बाटली त्यानंतर उघडायची. पन्नाशीची वाइन पिऊ नको असं मी अजिबात म्हणत नाही. एक ग्लास सूर्यास्ताला, उरलेली बूच लावून दुसऱ्या दिवसाला. चार दिवसांना एक बाटली पुष्कळ झाली.

लेकीशी आधीच बोललेलं बरं. ‘एक घोट दे ना, इथे कोण बघतंय’ हे ती म्हणणारच, मी सतरा वर्षांची असताना म्हटलं असतं. ‘दारू वाईट असते’ हे उत्तर, हातात ग्लास धरलेल्या आईच्या तोंडी तिला पटणार नाही. ‘जहाजाचा नियम आहे, तो मोडला तर आपण दोघी उतरवल्या जाऊ’ हे पटेल, कारण ते खरं आहे. आणि टोस्टला तिच्या ग्लासात मस्त मॉकटेल असू दे. पेयांचं पॅकेज घेतलं तर केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांना घ्यावं लागतं, तो खर्च इथे मावशीपुरताच. पण आपल्या पॅकेजवरचा ग्लास दुसऱ्याला द्यायची मनाई आहे, आणि लेकीला दिला तर नियम दुहेरी मोडतो.

फुकेतला किंवा पेनांगला उतरून भेट म्हणून बाटली घेतलीच, तर जहाजावर परतताना ती जमा होते आणि शेवटच्या दिवशी परत मिळते. ती मावशीने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या कार्डावर जमा करायची. पिण्याच्या वयाखालच्या प्रवाशाला ती परत देत नाहीत. भारतात येताना एका माणसाला २ लिटरपर्यंत सवलत आहे. तिथेही लेकीला मोजून चार लिटर धरू नयेत.

आणि ज्यांच्यासोबत स्वतःचं मूल नाही, भाची-पुतण्या आहेत, त्यांच्यासाठी: बाटलीच्या आधी मुलाच्या आई-वडिलांचं सहीचं संमतिपत्र बॅगेत टाका. आडनाव वेगळं असेल तर काउंटरवर पहिली विचारणा त्याचीच होते.