बाई, हे परीक्षेत येणार आहे का?



शाळा गावातली असो की शहरातली, एक प्रश्न प्रत्येक वर्गात ऐकू येतोच. फळ्यावर काहीतरी नवं काढलेलं असतं, सगळ्यांचे डोळे तिकडे लागलेले असतात आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, "बाई, हे परीक्षेत येणार आहे का?" 'हो' म्हटलं की भराभर वह्या उघडतात. 'नाही' म्हटलं की पेनांना टोपणं लागतात!

असं विचारणाऱ्याला मी रागावत नाही. प्रश्न प्रामाणिक आहे. पण आज आपण जरा पुढचं पाहू. शाळा सुटेल, कॉलेज संपेल, तुम्ही नोकरी-धंद्याला लागाल. तेव्हा या प्रश्नाचं काय होणार?

तुम्हाला वाटत असेल, नोकरी लागली की अभ्यास संपला. छे, छे! घरी आई-बाबांना, काका-मावशीला विचारून बघा. १९९० च्या दशकात आपल्याकडच्या बँकांमध्ये संगणक येऊ लागले. वर्षानुवर्षं जाडजूड लेजर लिहिलेल्या माणसांना केस पिकू लागल्यावर संगणक शिकावा लागला. एसटीचे कंडक्टर पूर्वी तिकिटाला पंच मारून द्यायचे, आता मशीनमधून काढून देतात. अंगणवाडीच्या ताई बाळांची वजनं रजिस्टरात लिहायच्या, आता मोबाइलमध्ये भरतात. आम्हा शिक्षकांचीही प्रशिक्षणं सुरूच असतात. म्हणजे कामाच्या ठिकाणीही शिकणं कुणाला चुकलेलं नाही.

पण तिथं शिकणारे दोन तऱ्हेचे असतात बरं का. समजा, एका बँकेत दोन कारकून आहेत. संगणक आला तेव्हा पहिल्याने एक चिठ्ठी केली. आधी हे बटण, मग ते बटण, मग छापा. साहेबांनी सांगितलं तेवढं त्याला आलं. दुसऱ्याने तेवढं शिकून घेतलंच, पण त्याला राहवेना. 'मी कागदावर व्याज काढतो ते आणि हे यंत्र काढतं ते जुळतं का? नाही जुळलं तर कुणाचं चुकलं?' म्हणून तो जेवणाच्या सुट्टीत चार हिशेब करून ताळा बघायचा. त्या वर्षी साहेब दोघांवरही खूश होते, कारण काम दोघांचंही होत होतं. पुढे पाच वर्षांनी बँकेतला प्रोग्रॅमच बदलला. पहिल्याची चिठ्ठी निकामी झाली आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. दुसऱ्यासाठी फक्त बटणांच्या जागा बदलल्या होत्या.

फरक ध्यानात आला ना? दुसऱ्याने सांगितलं म्हणून जे शिकतो, ते त्याच्या सांगण्याएवढंच असतं. सांगणं बदललं की ते अपुरं पडतं. स्वतःला हवं म्हणून जे शिकतो, त्याला अशी हद्द नसते.

"मग काय बाई, परीक्षेचा अभ्यास सोडून देऊ?" थांबा, थांबा! लगेच उड्या मारू नका. आधी एका पोराची गोष्ट ऐका.

लंडनमध्ये एका लोहाराच्या घरी १७९१ साली एक मुलगा जन्मला. त्याचं नाव मायकेल फॅरडे. घरात गरिबी, शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती. १८०५ मध्ये, चौदाव्या वर्षी, तो जॉर्ज रिबो नावाच्या माणसाच्या दुकानात उमेदवारीला लागला. हे दुकान पुस्तकं बांधण्याचं आणि विकण्याचं होतं. करार सात वर्षांचा. पानं जुळवायची, शिवायची, कडा कापायच्या, पुठ्ठा आणि चामडं चढवायचं, हे काम त्याला शिकायचं होतं. ते त्याने स्वतः निवडलं नव्हतं. मालकाची अपेक्षा होती आणि घरची गरज होती. पण फॅरडे ते चोख शिकला.

आता गंमत बघा. बांधायला आलेली पुस्तकं तो नुसती बांधत नसे, काम संपल्यावर वाचायचाही. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका बांधायला आला, त्यात विजेवरचा लेख होता. तो वाचला. जेन मार्सेट नावाच्या बाईंनी रसायनशास्त्रावर सोपं पुस्तक लिहिलं होतं, तेही वाचलं. वाचलेलं खरं आहे का, हे पाहायला खाऊचे-खर्चाचे पैसे साठवून छोटे छोटे प्रयोग केले. शहरात संध्याकाळी विज्ञानाची व्याख्यानं होत, त्यांची फी एक शिलिंग. थोरला भाऊ लोहारकाम करायचा, त्याने ते पैसे दिले. व्याख्यानातल्या उपकरणांची चित्रं नीट काढता यावीत म्हणून फॅरडे एका चित्रकाराकडून चित्रकलाही शिकला आणि त्याच्या बदल्यात त्याचे बूट पुसून दिले!

यातलं काहीएक मालकाने सांगितलेलं नव्हतं. याची परीक्षा नव्हती, बक्षीस नव्हतं की पगारवाढ नव्हती.

१८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांची तिकिटं दिली. हम्फ्री डेव्ही या त्या काळच्या नामवंत शास्त्रज्ञाची ती व्याख्यानं होती. फॅरडेने चारही व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, घरी येऊन ती सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिली, आकृत्या काढल्या. सुमारे तीनशे पानं झाली. ती त्याने स्वतःच्या हाताने शिवून, बांधून त्यांचं सुरेख पुस्तक केलं आणि त्या वर्षाच्या अखेरीस डेव्हींकडे पाठवलं. १८१३ च्या मार्चमध्ये तो त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून रुजू झाला. पुढे १८३१ मध्ये याच फॅरडेने दाखवून दिलं, की तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आत-बाहेर हलवला की तारेतून वीज वाहते. आपल्या कोयनेच्या वीजघरातली जनित्रं आजही याच तत्त्वावर फिरतात.

आता ते बांधलेलं पुस्तक पुन्हा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या आतली पानं फॅरडे आपल्या आवडीने शिकला होता. पण बाहेरची बांधणी? ती तो मालकाच्या अपेक्षेखातर शिकला होता! बांधणी येत नसती तर ती पानं सुटी राहिली असती. आणि नुसतीच बांधणी आली असती, तर तो जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं बांधत राहिला असता. त्या कामातही कमीपणा नाही, पण त्याच्या मनातलं विज्ञान मनातच राहिलं असतं.

म्हणून परीक्षेचा अभ्यास सोडायचा नाही. पाढे, शुद्धलेखन, नकाशात नद्या भरणं, ही तुमची उमेदवारी आहे. ती चोख करा. कुठे कामाला येईल ते आज सांगता येत नाही. पण दिवसाकाठी अर्धा तास तरी असा ठेवा, की त्यात शिकलेलं कुणीही विचारणार नाही, तपासणार नाही. मग ते पक्ष्यांच्या घरट्यांबद्दल असो, सायकलच्या चेनबद्दल असो, नाहीतर आजीच्या हातच्या खरवसाबद्दल असो. 'चीक तापवला की घट्ट का होतो?' हाही अभ्यासच आहे.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. रिबो मालकाने काम पुरेपूर करून घेतलं, पण काम झाल्यावर पोरगं वाचत बसलं तर त्याला अडवलं नाही. भावाने एक शिलिंग दिला, पण 'याचा पुढे काय उपयोग?' म्हणून हिशेब मागितला नाही. आपल्या घरातलं मूल मुंग्यांच्या रांगेपाशी तासभर बसलं, तर आपल्या तोंडून पटकन निघतं, "त्यापेक्षा अभ्यास कर!" गृहपाठ राहिला असेल तर जरूर सांगा. पण गृहपाठ झाला असेल तर तो तास त्याला द्या. आणि लगेच त्याची स्पर्धा लावू नका, क्लास शोधू नका, पाहुण्यांपुढे "सांग रे मुंग्यांचं" असंही करू नका. कारण मग तीही दुसऱ्यांचीच अपेक्षा होऊन बसते.

मुलांनो, लंडन लांब वाटतंय? मग चला आपल्या नाशिकजवळच्या देवळालीला. तिथे १९३० ते १९६२ या काळात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर शाळेत शिक्षक होते. वर्ग सांभाळणं ही त्यांची नोकरी. नवं गणित शोधून काढा, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण आकड्यांशी खेळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्या खेळातून त्यांना एक संख्या सापडली. आज जगभर ती 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते.

तोच खेळ आपला या आठवड्याचा उपक्रम. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. त्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा आणि वजाबाकी करा. उत्तरातल्या अंकांचं पुन्हा तसंच करा. शून्य आलं तर तेही धरायचं. उदाहरणार्थ ३५२४ :

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ चं तसंच करा. ७६४१ − १४६७ = पुन्हा ६१७४! दुसरी कुठलीही संख्या घ्या, फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही याच घरी पोचाल.

पहिली संख्या मी सांगितली म्हणून कराल. दुसरीही कदाचित माझ्यासाठीच कराल. पण त्यानंतर "तीन अंकी घेतली तर?" असं मनात आलं आणि हात आपोआप पेन्सिलीकडे गेला, तर तिथून पुढचं सगळं तुमचं. हो, आणि हे परीक्षेत येणार नाही!

तुमच्या,
बाई