शाईची रेघ

आमच्या मेहुण्यांनी निवृत्तीनंतर गोल्फ धरला. परवा पाहतो तो स्वारी दिवाणखान्यात कोऱ्या पांढऱ्या चेंडूंवर शाईने रेघा ओढीत बसलेली! ताईला वाटले, दिवाळीची रंगरंगोटीच चालली आहे.

पण रेघेत अर्थ आहे, वाचकहो. चेंडू घालायचा तो खळगा ४.२५ इंच रुंद. दहा फुटांवरून चेंडू एकच अंश कलला तर मध्यापासून दोन इंचांवर, म्हणजे थेट काठाशी जातो. त्यातून वाकून उभे राहिले की नजर फसते. म्हणून चेंडूमागे निशाणीला नाणे ठेवायचे, चेंडू उचलायचा, मागे बसून नेम धरीत रेघ नीट लावून तो जागच्या जागी ठेवायचा, मग नाणे काढायचे. नियमांना हे मंजूर आहे. जमिनीवर मात्र रेघ ओढायची नाही. टायगर वुड्ससारखा खेळाडूही चेंडूवरची रेघ वापरीत आला आहे.

मग मेहुणे का हरले? गेल्या महिन्यात चार फुटांवरचा शेवटचा फटका साधता तर पेला घरी येता. त्यांनी रेघ लावली ती सरळ खळग्याच्या तोंडाला. हिरवळ उतरती, चेंडू वळणारच! रेघ लावायची ती चेंडू सुटायला हवा त्या दिशेला, खळग्याकडे नव्हे. आणि वेग किती, हे तर रेघ सांगतच नाही.

आता आधी उतार पाहतात, मग रेघ. सतरंजीवरचा शाईचा डाग मात्र निघालेला नाही. ताई रोज दाखवते.