घराचंही मार्चिंग-इन करा

जुलैतला रविवार होता. कुंभकोणमला कडक ऊन होतं आणि साताऱ्यात तीन दिवस पावसाची झड लागली होती. दुपारी बायकोचा फोन आला. "अहो, आतल्या खोलीचं छत पडलं."

छत म्हणजे छताच्या प्लॅस्टरचा हातभर पोपडा. पण तो नेमका धाकटीच्या अंथरुणावर पडला होता. ती तेव्हा स्वयंपाकघरात होती, एवढंच आमचं नशीब.

ते आमचं पहिलं घर. 19 वर्षांच्या नोकरीतली शिल्लक, एएफपीपी फंडातून काढलेले पैसे आणि बँकेचं कर्ज घालून एप्रिलच्या सुट्टीत घेतलेलं. 20 वर्षं जुनं, पण नवा रंग दिलेलं. त्या रंगाखाली काय होतं ते पावसाने दाखवलं. वरच्या बाथरूमचं पाणी स्लॅबमध्ये मुरत होतं. आतल्या सळया गंजून फुगल्या आणि त्यांनी खालचं सिमेंट ढकलून दिलं. भिंत फोडली तर लोखंडी पाइप गंजून गेलेले. इलेक्ट्रिशियन आला, तेव्हा कळलं की अर्थिंग नावालाच आहे. एका पोपड्यापासून सुरू झालेलं काम 1 लाख 84 हजारांवर जाऊन थांबलं.

मी इथे एनसीसीच्या पोरांना ड्रिल शिकवत होतो. गवंड्याशी, प्लंबरशी रोज वाद घालत होती ती. पोरांची शाळा, सासूबाईंचं औषधपाणी आणि घरभर सिमेंटची धूळ. फौजीचं घर असंच दुरुस्त होतं, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे.

पण दोष कोणाचा? ज्याने घर विकलं त्याला मी खूप शिव्या दिल्या. मग एका रात्री एक गोष्ट आठवली आणि गप्प झालो. सरकारी क्वार्टर ताब्यात घेताना आपण मार्चिंग-इन करतो. नळ किती, काचा किती, कुठली फुटलेली, कुठली कडी ढिली, सगळं कागदावर लिहून सही करतो. कारण सोडताना बॅरेक डॅमेज आपल्या पगारातून कापला जातो. दोन-तीन वर्षांच्या क्वार्टरसाठी एवढी काळजी. आणि जन्मभराच्या घरात मी जेमतेम 20 मिनिटं होतो. देवघर कुठे येईल ते पाहिलं, गच्चीवरून अजिंक्यतारा दिसतो का ते पाहिलं. नळ एकही उघडला नाही.

क्वार्टरने आपल्याला आणखी एक सवय लावली आहे. गळलं, की एमईएसच्या कंप्लेंट रजिस्टरमध्ये लिहायचं. कोणीतरी येतं, आज नाही तर पंधरा दिवसांनी. त्यामुळे घर गळतं कसं, हे आपण कधी शिकतच नाही.

मला ते कुंभकोणममध्ये शिकायला मिळालं. मी ज्यांच्या घरी भाड्याने राहतो ते मामा तंजावरी मराठी. तंजावरचं राज्य 1855 मध्ये खालसा झालं, पण त्यांच्या घरात मराठी अजून आहे, तमिळच्या चालीवर बोलली जाणारी. घर जुनं, पुढे ओटा, मध्ये चौक, वर कौलं. इथला मोठा पाऊस ऑक्टोबरनंतरचा. म्हणून सप्टेंबरमध्ये मामांनी माणसं बोलावून कौलं उतरवली, फुटलेली बदलली, पन्हळी साफ केल्या. हीच आपल्याकडची शाकारणी, फक्त महिना वेगळा. आपल्याकडे स्लॅब आला आणि शाकारणी गेली. स्लॅबला काही करावं लागत नाही, असं आपण समजून बसलो.

मामांनी मला रस्त्याकडची भिंतही दाखवली. वडिलांच्या काळात चुन्याचा गिलावा काढून तिथे सिमेंट लावलं होतं. कावेरीकाठची जमीन, ओल खालून चढतेच. चुन्यातून ती बाहेर पडायची, सिमेंटने अडवली. मग ओल आणखी वर चढली आणि प्लॅस्टर सुटलं. शेवटी पुन्हा चुना आणला, हिरड्याच्या आणि गुळाच्या पाण्यात मळलेला. म्हणजे दुरुस्तीसुद्धा न समजता केली, तर तीच नवं दुखणं होते. मीही जुलैआधी काय केलं होतं? गळती न शोधता हॉलमध्ये नव्या फरशा बसवल्या होत्या.

या गावात देवळांचा कुंभाभिषेक साधारण 12 वर्षांनी होतो. त्याआधी गोपुरं, छतं यांची डागडुजी, रंगकाम. देवाच्या घरालाही दुरुस्ती चुकत नाही; फक्त तिची वेळ ठरलेली असते. आपणही फायरिंगनंतर रायफल साफ करतो, ती बिघडली म्हणून नव्हे. मग घराची दुरुस्ती आपल्यालाच "अचानक" का वाटते? माझं मत स्पष्ट आहे. ती अचानक नसते, आपण तिचा हिशेब धरलेला नसतो.

काही मित्र म्हणतात, नवा फ्लॅट घे, कटकट नाही. रेराच्या कायद्याने ताबा घेतल्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष दाखवला, तर बिल्डरने 30 दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, हे खरं. पण त्यासाठी दोष ओळखता यायला हवा आणि लेखी कळवायला हवा. शिवाय सहाव्या वर्षी पाऊस थांबत नाही. आणि आपल्यासारख्यांनी मालकाकडून घेतलेल्या जुन्या घराला ते संरक्षण नसतं.

म्हणून जे घर बघत आहेत त्यांना सांगतो. जमलं तर पावसात बघा. बाथरूममध्ये एक दिवस पाणी तुंबवून खालचं छत तपासा. प्लॅस्टरवर टकटक करा, पोकळ वाजलं तर विचारा. फक्त एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर जास्त विचारा. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनला दिवसाची मजुरी देऊन सोबत न्या. सगळे पैसे खरेदीत घालू नका. दहातला एक भाग पहिल्या पावसासाठी ठेवा. आधी छप्पर, मग पाणी, मग वीज, रंग सगळ्यात शेवटी. आणि यादी करताना बायकोला बरोबर घ्या. आपण पोस्टिंगवर असताना तिथे तीच असणार आहे.

यंदाची सुट्टी मी मे ऐवजी जूनच्या शेवटी मागितली आहे. पहिला जोराचा पाऊस या वेळी घरात बसून बघायचा आहे, वही-पेन घेऊन.