हिंडायला परवाना, जगायला मनाई



दिवेआगरला सुट्टीचा हंगाम सुरू झाला की नाक्यानाक्यावर बोर्ड लागतात. "डोंगर चढा, पक्षी बघा, जंगलात तंबूत राहा, आदिवासी जीवन अनुभवा." दोन रात्री, तीन दिवस. पहिल्या दिवशी समुद्र आणि माशाचं जेवण. दुसऱ्या दिवशी दिघीहून आगरदांड्याला तर ओलांडून मुरूडमार्गे फणसाडचं अभयारण्य. तिसऱ्या दिवशी आपल्या डोंगरातली पायवाट आणि वाडीवर चहा. यादी नीट वाचा. शेकरू, भेकर, धनेश, गिधाड, आणि त्याच ओळीत कातकरी. आपण पण बघायची वस्तू झालो.

हंगामाचं हे दरवर्षीचंच आहे. पण यंदा एक नवी गोष्ट आली म्हणून हा लेख. एका रिसॉर्टवाल्याची माणसं वाडीवाडीत फिरतायत. माळावरच्या दळीच्या जागेत तंबू लावायचे आहेत, "फक्त एक कागद करून द्या, पोरांना गाइडचं काम देतो," असं सांगतात. काही घरं विचारात पडली आहेत. पोटाला काम पाहिजे, म्हणून विचारात पडली, त्यात त्यांचा दोष नाही. पण अंगठा उठवण्याआधी हे सगळं ऐकून घ्या.

पहिली गोष्ट कायद्याची. अभयारण्याला 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. त्याच्या कलम 27 मध्ये कोणाला आत जायला बंदी ते लिहिलंय. लगेच पुढच्या कलम 28 मध्ये परवाना कशासाठी मिळतो त्याची यादी आहे. अभ्यास, संशोधन, फोटो, आणि पर्यटन. म्हणजे मुंबई-पुण्याचा माणूस पैसे भरून आत गेला तर तो निसर्गप्रेमी. आपली बाई कंद काढायला गेली तर गुन्हेगार. आपल्या इकडच्या डोंगरात अभयारण्य नाय, तिथे 1927 चा वन कायदा. तो तर इंग्रजाचाच. तिथे पण तेच. जंगलातून जाणाऱ्या पाहुण्याला गार्ड सलाम करतो आणि त्याच वाटेनं मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईचा कोयता काढून घेतो. वाट एकच, रान एकच, गार्ड पण एकच. मग फरक कशाचा? खिशाचा.

दुसरी गोष्ट इतिहासाची. फणसाड हे जंजिऱ्याच्या नबाबाचं शिकारीचं रान. आपला श्रीवर्धन पण त्याच संस्थानात होता. नबाब जनावरं मारायला यायचा, म्हणून ते रान राखीव. 1986 साली सरकारनं त्याचं अभयारण्य केलं. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, ही चांगलीच गोष्ट. पण रानाचा मालक बाहेरचा आणि रानातला माणूस चाकर, हा हिशेब तेव्हा होता तसाच राहिला. माथेरानचं बघा. 1850 साली मॅलेट नावाच्या इंग्रज कलेक्टरनं माथेरान "शोधून काढलं" असं पुस्तकात शिकवतात. आपले ठाकूर, कातकरी, धनगर त्या डोंगरावर राहत होते, त्यांना काय तो डोंगर सापडला नव्हता? ज्याला वाट माहीत त्याचं नाव नाही, आणि ज्याला वाट दाखवली त्याचं नाव पुस्तकात.

आता लोक म्हणतात, "तुम्हीच जंगल तोडलं, तुम्हीच शिकार केली." यावर सरळ बोलू. कुलाबा जिल्ह्यातल्या जंगलाचा कोळसा झाला, तो कुठे गेला? मुंबईला. भट्टी लावली आपण, पण ठेका कुणाचा होता, लिलाव कुणी केला, पैसे कुणी मोजले? आपल्याला मिळाली उचल, आणि उचलीवर व्याज. खैराचा काथ काढून जगणारी म्हणून आपल्याला कातकरी नाव पडलं. खैर संपवून आपण बंगले बांधले असते, तर आज वाडीत कुडाच्या भिंती दिसल्या नसत्या. शिकारीचं म्हणाल तर वनहक्क कायद्यानं शिकारीचा हक्क दिलेला नाही, आणि संघटनेनं तो मागितलेला पण नाही. जे मागतोय ते जमीन, मध, कंद, रानभाजी, खाडीची चिंबोरी आणि चुलीचं सरपण.

तिसरी गोष्ट रोजगाराची. "पर्यटनानं रोजगार मिळतो" हे वाक्य फार ऐकलं. मिळतो, पण कुणाला किती? मी बारावी झालोय, पोरांना जमतं तेवढं मला पण बोलता येतं. एकदा एका सहलवाल्यानं बारा पाहुण्यांना डोंगरावर न्यायला मला सांगितलं. पहाटे पाचला निघालो. वाट मी दाखवली, पाण्याची जागा मी दाखवली, कुठला आवाज कुठल्या पाखराचा ते मी सांगितलं. टोपीवाला गाइड माझ्या मागून चालत होता आणि मी सांगितलेलं इंग्रजीत सांगत होता. संध्याकाळी त्याला मिळाले माणशी पैसे, मला मिळाले 150 रुपये आणि उरलेलं जेवण. याला रोजगार म्हणत असतील तर वीटभट्टीला काय म्हणायचं? तिथे पण दिवाळीनंतर उचल घेऊन जातो आणि पावसाच्या तोंडावर रिकाम्या हातानं येतो. हंगाम तोच, फक्त मालक बदलला.

पाहुण्यांशी आपलं भांडण नाही, हे पण साफ सांगतो. दिवेआगरच्या वाळूत कासव अंडी घालतं, म्हसळ्याकडे चिरगावच्या रानात गिधाडं आहेत, हे बघायला पोरंबाळं घेऊन कोणी येत असेल तर येऊ दे. रान बघून माणूस सुधारतो. पण रान दाखवायचा हक्क रानात राहणाऱ्याचा, आणि त्याची मजुरी ठरवायचा हक्क पण त्याचाच.

आता त्या कागदाबद्दल. दळी जमीन आपल्या आज्या-पणज्यांना इंग्रजाच्या काळात नाचणी-वरी करायला मिळाली. पिढ्या गेल्या तरी सातबाऱ्यावर नाव नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यानं ही पहिली संधी आली आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असाल तर कसाल तेवढ्या जमिनीवर, चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो, आणि तो नवरा-बायको दोघांच्या नावावर. हा हक्क वारसाला जातो पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आदिवासीची सातबाऱ्यावरची जमीनसुद्धा कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला भाड्यानं देता येत नाही. मग रिसॉर्टवाल्याला कागद कशाला पाहिजे? उद्या दाव्याच्या चौकशीत दाखवायला, की "बघा, हे जमीन कसत नाहीत, यांनी सोडून दिली." तंबूची पहिली खुंटी तुमच्या दाव्याच्या छातीत बसणार आहे.

याच कायद्यात वनजमीन गावाच्या कामाला वापरायची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पाण्याची पाइपलाइन, रस्ता, अशी तेरा कामं. त्याला ग्रामसभेची शिफारस लागते. त्या यादीत तंबू नाही, रिसॉर्ट नाही. आपल्या किती वाड्यांना रस्ता आहे? जी तेरा कामं कायद्यात आहेत ती होत नाहीत आणि जे कायद्यात नाही त्याला मात्र सगळे धावतात.

अजून एक. सरकारनं कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींना आदिम जमात मानलंय. आदिम जमातीला अधिवासाचा हक्क मागता येतो, म्हणजे नुसता जमिनीचा तुकडा नाही, तर आपल्या जगण्याचं अख्खं रान. पण रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे पेसा लागत नाही. मोठ्या गावच्या ग्रामसभेत आपण मूठभर असतो आणि आपला विषय शेवटी, लोक उठून गेल्यावर येतो. म्हणून वाडीची वेगळी ग्रामसभा ही आपली मागणी आहे. ती मिळेपर्यंत मोठ्या ग्रामसभेला सगळ्यांनी जायचं, बायकांनी पुढे बसायचं आणि ठराव लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही.

संघटनेपुढे मी हे मांडतो :
1. कोऱ्या किंवा लिहिलेल्या, कुठल्याही कागदावर अंगठा-सही नाही. कागद आणला तर आधी वाडीच्या बैठकीत वाचून घ्या.
2. दळीवर यंदा पण नाचणी पेरायची. पिकासारखा पुरावा नाही. म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या, तो पण कायद्यानं पुरावा आहे.
3. डोंगर दाखवायला जायचं तर वाडीनं दर ठरवायचा. एकट्यानं कमी दरात जाऊन दुसऱ्याचं पोट मारायचं नाही.
4. घराचे, चुलीचे, आंघोळीचे फोटो विचारल्याशिवाय काढू द्यायचे नाहीत.

1930 साली चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळी खाल्ली त्यात आपला नाग्या महादू कातकरी होता. तो जंगल बघायला गेला नव्हता. जंगल आपलं आहे हे सांगायला गेला होता. आपल्याला पण तेवढंच सांगायचं आहे, आणि ते अर्ज भरून सांगायचं आहे.

जंगल-जमीन आमच्या हक्काची, नाही कुणाच्या बापाची!
जिंदाबाद!