खिशातील गाणी आणि परदेशातील हिशेब

शिक्षणासाठी वा नोकरीनिमित्त जर्मनीला निघालेल्या मराठी तरुणाच्या सामानात एके काळी खिशात मावणारा म्युझिक प्लेअर हमखास असे. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला, २००१ मध्ये ॲपलचा आयपॉड. २०२२ मध्ये आयपॉडची निर्मितीही थांबली. तरीही काहींनी आपला जुना प्लेअर जपून ठेवला आहे. त्यात केवळ गाणी नसतात. कधी आजीच्या आवाजातील ओव्याही ध्वनिमुद्रित केलेल्या असतात. असा प्लेअर परक्या गावी तासाभरातच मान टाकू लागला, की प्रश्न उभा राहतो : नवा घ्यावा की जुनाच चालवावा?

अशा वेळी बहुतेकजण किमतीचे तत्काळ रुपये करतात आणि आकडा पाहून दचकतात. वस्तुतः पैसा ज्या चलनात हाती येतो, त्याच चलनात किंमत तोलावी. पगार युरोत मिळत असेल, तर त्यासाठी किती तास काम करावे लागेल, हा खरा हिशेब. मात्र घरून येणाऱ्या रुपयांवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याने रुपयांतच विचार करणे शहाणपणाचे.

खरेदीपूर्वी दोष कुठे आहे, हे पाहावे. झिजते ती बहुधा लिथियम-आयन बॅटरी. शेकडो वेळा चार्ज झाल्यावर तिची क्षमता घटते. प्लेअरचा उर्वरित भाग धडधाकट असू शकतो. बॅटरी बदलता येत असेल, तर नव्याचा मोह आवरावा. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनेही, काही अपवाद वगळता, ग्राहकाला स्वतः बदलता येईल अशा बॅटरीसाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरवली, ती याच विचाराने.

नवा प्लेअर घेणे अटळच असेल, तर भारतीय कार्डाने पैसे देताना सावध राहावे. दुकानातील यंत्र कधी कधी ‘रक्कम रुपयांत घ्यावी काय?’ असे विचारते. रुपये दिसताच मन निश्चिंत होते. परंतु तो विनिमय दर बहुधा महाग पडतो. म्हणून युरोच निवडावेत. कार्डावरील परकीय चलन शुल्कही भारतातून निघण्यापूर्वीच बँकेत विचारून घ्यावे. पावती जपावी : युरोपीय संघात नव्या वस्तूतील दोषाची जबाबदारी विक्रेत्यावर किमान २ वर्षे असते. मायदेशी परतल्यावर मात्र तिचा उपयोग होईलच असे नाही.

आणि या साऱ्याआधी, जुना प्लेअर सुरू होतो आहे तोवरच, त्यातील ध्वनिमुद्रणे संगणकावर उतरवून घ्यावीत. यंत्राची किंमत दुकानात कळते, आजीच्या आवाजाची नाही. काटकसर म्हणजे केवळ खर्च टाळणे नव्हे. काय पुन्हा विकत मिळते आणि काय मिळत नाही, हे वेळीच ओळखणे होय.