टेस्टोस्टेरॉन उपचार : नुसत्या इंजेक्शनवर भागत नाही

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५मध्ये टेस्टोस्टेरॉनच्या औषधांसोबतच्या माहितीपत्रकात बदल करायला सांगितले. हृदयविकाराच्या वाढीव धोक्याचा ठळक इशारा काढायचा आणि रक्तदाब वाढू शकतो, ही सूचना मात्र सगळ्याच उत्पादनांत घालायची, असे हे बदल. यातला पहिला भाग जाहिरातदारांच्या सोयीचा आहे. रुग्णाने दुसराही वाचायला हवा.

या बदलामागे २०२३मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ट्रॅव्हर्स’ चाचणी आहे. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका जास्त असलेल्या, ४५ ते ८० वयाच्या पाच हजारांहून अधिक पुरुषांचा तिच्यात समावेश होता. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांचे प्रमाण टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत वाढले नाही. हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि फुप्फुसातल्या रक्ताच्या गुठळ्या मात्र थोड्या अधिक आढळल्या. हाडांबाबतचा निष्कर्ष तर उलटाच निघाला. हाडे मोडण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत कमी नव्हे, तर जास्त होते.

मग औषधाच्या जोडीला आहार-व्यायाम असला तर काय होते? याचे चांगले उत्तर ऑस्ट्रेलियातल्या चाचणीने २०२१मध्ये दिले. ५० ते ७४ वयाचे, कंबर ९५ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असलेले १,००७ पुरुष. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे किंवा नुकताच मधुमेह निघालेले. सगळ्यांनाच आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला. त्यातल्या निम्म्यांना टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन, निम्म्यांना तसेच दिसणारे निष्क्रिय इंजेक्शन. दोन वर्षांनी मधुमेह औषधवाल्यांत १२ टक्क्यांना, तर उरलेल्यांत २१ टक्क्यांना होता. नुसत्या आहार-व्यायामाने वजन उतरले, पण त्याबरोबर थोडा स्नायूही गेला. औषधाच्या जोडीने चरबी अधिक उतरली आणि स्नायू टिकला. मात्र औषध घेणाऱ्या २२ टक्के पुरुषांत लाल पेशींचे प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, ५४ टक्क्यांच्या वर गेले. शिवाय हे पुरुष वृषण किंवा पिट्युटरी ग्रंथीच्या आजाराचे रुग्ण नव्हते. त्यामुळे या निकालावरून सरसकट इंजेक्शन मागणे चूक ठरेल.

आपल्याकडच्या पोट सुटलेल्या मध्यमवयीन पुरुषाला हे लागू पडते. चरबीच्या पेशी टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात. लठ्ठपणात टेस्टोस्टेरॉनला रक्तात वाहून नेणारे प्रथिनही घटते, त्यामुळे रक्तचाचणीतला एकूण आकडा खाली दिसतो. वजन उतरले की तो बऱ्याच जणांत आपोआप वर चढतो. म्हणून लक्षणे असली तरी सकाळी उपाशीपोटी केलेली चाचणी दोनदा कमी आल्याशिवाय निदान पक्के धरत नाहीत. ज्यांच्या ग्रंथीच नीट काम करत नाहीत, त्यांना मात्र औषध लागतेच. ‘आधी पोट कमी करा’ म्हणून त्यांना अडवण्यात अर्थ नाही.

उपचार सुरू झाला की ताटात काय हवे? खास ‘पुरुषांसाठी’ म्हणून विकला जाणारा कोणताही डबा नाही. प्रथिने हवीत, आणि ती आपल्या जेवणात बहुधा कमी पडतात. वाटीभर पातळ वरणाने भागत नाही. उसळ, अंडी, मासे, दही, पनीर यांपैकी काही ना काही प्रत्येक जेवणात हवे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. झिंक आणि ड जीवनसत्त्वाचा उपयोग मुख्यतः कमतरता असेल तरच. ‘रक्त वाढवणारी’ लोहाची टॉनिके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण रक्त दाट होण्याची भीती इथे आधीच आहे.

व्यायामात रोजच्या चालण्यासोबत आठवड्यातून दोन-तीन दिवस वजने, जोर, उठाबशा हव्यात. हार्मोन स्नायू वाढवायला मदत करतो, पण स्नायूवर भार पडला तरच त्याचा पुरेसा फायदा होतो. हाडांनाही हा भार लागतो. रात्री जोरात घोरणाऱ्यांनी झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी करून घ्यावी, कारण उपचाराने तो बळावू शकतो.

पहिल्या तीन ते सहा महिन्यांत हिमॅटोक्रिट आणि टेस्टोस्टेरॉनची पातळी, वयानुसार प्रोस्टेटची तपासणी आणि रक्तदाब तपासणे ठरलेलेच आहे. मूल हवे असलेल्यांनी डॉक्टरांना ते आधीच सांगावे. बाहेरून हार्मोन मिळू लागला की मेंदूकडून वृषणांना जाणारे संदेश थांबतात, शुक्राणूंची निर्मिती घटते आणि औषध बंद केल्यावर ती पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात.